पावसाळी दर्या आणि कातळावरची गरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेच्या शेवटच्या आठवड्यात ढग भरून आले की माझा फोन वाजायला लागतो. पुण्या-मुंबईहून रॉड घेऊन येणारे, गावातलीच नवी पोरं, कधी एखाद्या खलाशाच्या घरचं माणूस. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून एकदाच बसून लिहून ठेवतोय.

मी रत्नागिरी तालुक्यातला. शाळेत होतो तेव्हापासून कातळावरून गरवतोय, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे धरतोय. होडीवर बऱ्याचदा गेलोय, पण मी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, नाही. त्यामुळे इथं किनाऱ्यावरचं जास्त आणि होडीचं कमी सापडेल. वेळांचा आणि लाटांचा अंदाज रत्नागिरी-सिंधुदुर्ग धरून दिलाय. रायगडच्या पलीकडे भरतीचं गणित बदलतं (प्रश्न ५ पाहा).

१. पावसाळ्यात मासेमारी बंद असते ना? मग किनाऱ्यावरून गरी टाकलेली चालते का?

बंदी आहे ती यांत्रिक नौकांना. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर, पर्ससीन, इंजिनवाल्या होड्या समुद्रात जाऊ शकत नाहीत. गोव्यातही याच तारखा आहेत. कारणं दोन: बऱ्याच माशांचा हा अंडी घालायचा काळ, आणि या दिवसांतल्या समुद्रात माणसं जाऊच नयेत. बंदी मोडून गेलेल्या नौकेला अपघात झाला तर नुकसानभरपाई मिळत नाही, हे कागदावर स्पष्ट असतं. वल्ह्या-शिडाच्या बिगर-यांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नाही.

कातळावर उभं राहून गरी टाकणं या आदेशात येत नाही. पण बंदी नाही म्हणजे सगळीकडे मोकळीक, असंही नाही. अतिवृष्टीच्या किंवा उंच लाटांच्या इशाऱ्यात जिल्हा प्रशासन किनाऱ्यावर जायलाच मनाई करतं, आणि ती मनाई रॉडवाल्यालाही लागू होते. गावच्या पोलीस पाटलानं किंवा होमगार्डनं परत जा म्हटलं तर जा. त्याच्याशी वाद घालून मिळालेला मासा मी तरी अजून पाहिलेला नाही.

२. बंदी ३१ जुलैला उठते, मग आमच्या गावातले लोक नारळी पौर्णिमेपर्यंत का थांबतात?

कारण तारीख सरकारची, समुद्र नव्हे. सर्वसाधारणपणे श्रावणाच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येचा जोर उतरतो, लाटांमधलं अंतर वाढतं, खाडीच्या तोंडाशी पाणी फुटायचं कमी होतं. दर्याला नारळ वाहून मग होडी लोटायची, या रीतीमागे हा अनुभव आहे.

पण पंचांगावरही डोळे मिटून जाऊ नका. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला होती, २०२५ मध्ये ती ८ ऑगस्टला आली. तीन आठवड्यांचा फरक. समुद्राला अधिक मास कळत नाही. १ ऑगस्टलाच निघणारेही बरेच असतात. डिझेल, बर्फ आणि कर्जाचा हप्ता कुणासाठी थांबत नाही, तेव्हा त्यांना हौशी माणसानं शहाणपण शिकवू नये.

३. समुद्र खवळलेला आहे की नाही, हे घरबसल्या कसं कळेल?

तीन आकडे बघायचे: वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि दोन लाटांमधला वेळ. पहिले दोन सगळे बघतात. तिसरा कुणी बघत नाही, आणि माणूस वाहून जातो तो बहुतेक वेळा तिसऱ्यामुळे (प्रश्न ७).

हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, जिल्हावार लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देतं. त्यातली उंची वाचताना एक लक्षात ठेवा. अंदाजात ३ मीटर लिहिलं असेल तर ती सर्वांत मोठ्या लाटेची उंची नव्हे. सगळ्या लाटा मोजल्या तर त्यातल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दिवसभरात एखादी सुटी लाट त्याच्या पावणेदोन-दोन पट येऊ शकते. म्हणजे ३ मीटरच्या अंदाजात सव्वापाच-सहा मीटरचीही लाट धरून चालायचं.

आणि लाटेची ताकद उंचीच्या वर्गानं वाढते. दीड मीटरची लाट तीन मीटरची झाली की धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. पाऊण ते एक मीटर लाट असेल तेव्हा मी निवांत जातो. दीडला जागा निवडून जातो. दोनच्या वर उघड्या कातळावर जात नाही. जून-जुलैत आमच्याकडे तीन मीटर ही नेहमीची गोष्ट असते, यावरून काय ते समजा.

४. जिल्ह्याला यलो अलर्ट आहे, म्हणजे समुद्र ठीक असेल ना? आणि तीन नंबरचा बावटा म्हणजे काय?

हा घोटाळा सगळ्यांत जास्त होतो. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग आपल्या बातम्यांत बहुतेक वेळा जमिनीवरच्या पावसाचे असतात. पाऊस कमी म्हणून यलो असेल आणि त्याच दिवशी समुद्रात ५० किलोमीटरचा वारा असेल, असं सर्रास होतं. मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा निघतो, तो वेगळा वाचायचा. वारा ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाणार असेल तर हवामान खातं समुद्रात जाऊ नका म्हणून सांगतं. एखाद्या अ‍ॅपमध्ये वारा नॉटमध्ये दिसला तर १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर. २५ नॉट वाचून हायसं वाटून घेऊ नका, ते ४६ किलोमीटर होतात.

बंदरावरचे बावटे १ ते ११ असतात. १ आणि २ म्हणजे गडबड दूर समुद्रात आहे. ३ म्हणजे खुद्द बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. ४ म्हणजे चक्रीवादळ पुढे बंदरावर येऊ शकतं. ५ ते ७ धोका, ८ ते १० महाधोका, आणि ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय. पावसाळ्यात तीन नंबर इतक्या वेळा लागतो की लोक त्याला सरावलेत. तीन नंबर कायमचाच, असं म्हणणारी मंडळी प्रत्येक बंदरात भेटतील. ती सहसा चहाच्या टपरीवर बसून बोलत असतात, होडीत नाही.

५. भरती-ओहोटीची वेळ अ‍ॅपशिवाय कशी काढायची?

तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, तेव्हा तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्यापासून सहा-सव्वासहा तासांनी. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, तीच ही पाऊणपट. रत्नागिरी-मालवणला हे गणित बऱ्यापैकी जमतं. मुंबईला भरती थोडी मागून लागते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेकडे यावं तसा फरक घटतो, आणि मालवणला भरती-ओहोटीतलं अंतर साधारण दोन मीटर राहतं. म्हणून मुंबईचा मित्र तिकडचे आकडे पाठवतो त्यावरून इथली जागा ठरवू नका.

हे गणित फक्त चंद्राचं आहे. जोराचा पश्चिम वारा दोन दिवस लागला की पाणी किनाऱ्याला चेपून राहतं. मग ओहोटी पुरती सुकत नाही आणि भरती खुणेच्या वर चढते. अशा दिवशी पाऊणपटीची वेळ बरोबर येते, पाण्याची उंची चुकते.

६. मासे भरतीला लागतात की ओहोटीला?

चढत्या पाण्यात. मासा पाण्याबरोबर खडपांच्या फटीत चरायला येतो.

पण खवळलेल्या समुद्रात हाच नियम गोत्यात आणतो, कारण चढतं पाणी परतीची वाट खातं. जाताना गुडघाभर पाण्याची घळ ओलांडून गेलेला माणूस दोन तासांनी बेटावर उभा असतो. म्हणून वारं असलेल्या दिवशी मी सुकतीचा शेवटचा तास आणि भरतीचा पहिला दीड तास, एवढंच गरवतो. मोबाइलला गजर लावून ठेवतो. मासा लागत असताना गजर वाजतो तेव्हा फार राग येतो, पण उठतो.

७. वारा नाही, आकाश निळं, तरी लाटा एवढ्या कशा?

कारण त्या लाटा इथल्या वाऱ्याच्या नसतातच. डिसेंबर ते मार्चमध्ये अरबस्तानच्या बाजूला शमाल नावाचे वायव्य वारे सुटतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात. एप्रिल-मेमध्ये त्याहून लांबच्या, थेट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा काही दिवसांचा प्रवास करून पोचतात. केरळात अशा अवचित चढणाऱ्या समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र.

लांबून आलेली लाट ओळखायची ती वेळेवरून. जवळच्या वाऱ्याची लाट पाच-सहा सेकंदांनी येते, अंगावर फेस असतो, दुरूनच दिसते. लांबची लाट बारा, चौदा, कधी त्याहून जास्त सेकंदांनी येते. खोल पाण्यात ती नुसती फुगवट्यासारखी दिसते, किंवा दिसतच नाही. कातळाच्या पायथ्याशी आली की उभी राहते आणि चढतच जाते. अंदाजात उंची फक्त एक मीटर आणि वेळ चौदा सेकंद असेल, तर तो शांत दिवस समजू नका.

८. कातळावर नेमकं कुठं बसावं? किती वर गेलं म्हणजे पुरे?

या एका प्रश्नासाठी बाकीचं पान आहे असं समजा.

आधी कातळ वाचा. खालून वर पाहिलंत तर पट्टे दिसतात. तळाला शेवाळाचा हिरवा-तपकिरी पट्टा, त्याच्या वर कालवांचा खरबरीत पट्टा, त्याच्या वर फटीफटीत चिकटलेले बारीक शंख. शंख संपतात तिथं रोजचं पाणी संपतं. पण आजचं पाणी रोजचं नसतं. म्हणून दुसरी खूण बघायची, आज ओला झालेला कातळ कुठपर्यंत आहे ती. सुका कातळ फिका दिसतो, ओला काळा. खळग्यांतलं पाणी चाखून बघा. खारट असेल तर लाट तिथं पोचली होती, गोडं असेल तर पाऊस. पावसात सगळाच कातळ ओला असतो, तेव्हा हीच एक खूण उरते.

मग बसा आणि अर्धा तास नुसतं बघा. गरी बांधू नका, पिशवी उघडू नका. मोठ्या लाटा झुंडीनं येतात. पाच-सात मोठ्या, मग दहा-पंधरा मिनिटं जवळजवळ काहीच नाही. माणूस किनाऱ्यावर पोचतो तो बहुधा त्या रिकाम्या वेळात. पाणी शांत आहे म्हणत खाली उतरतो, गरी टाकून होते न होते तोच झुंड येते.

माझंही असंच झालं होतं. ऑगस्टमधली गोष्ट, वारं पडून दुसरा दिवस. तांबोशी लागणार याची खात्री होती, त्यामुळे घाई. काका वर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेला बसले होते. मी टेबलासारख्या सपाट कातळावर उतरलो, कोळंबीचा डबा शेजारी ठेवला, चपला काढून त्यावर पिशवी ठेवली. चार-पाच लाटा पायाखाली दोन हात येऊन परत गेल्या. मी गरीला कोळंबी लावायला खाली वाकलो. आवाज आला नाही, उलट आवाज थांबला. समोरचं पाणी ओढलं गेलं आणि खालची शिनाण्यांची (शिंपल्यांची) काळी भिंत उघडी पडली, जी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग पाणी वर आलं, आदळलं नाही, नुसतं चढलं. मांड्यांपर्यंत. मी कातळाच्या एका फटीत हात घातला म्हणून राहिलो. डबा, पिशवी, डाव्या पायाची चप्पल गेली. उजवी अजून घरी आहे.

वर आलो तर काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोजलंस काय?" मी लाटा मोजल्या नव्हत्या. ते मोजत होते, तिथं बसल्यापासून.

तेव्हापासून माझा हिशेब असा: अर्ध्या तासात सर्वांत वर पोचलेलं पाणी जिथं होतं, त्याच्या वर निदान एक पुरुष उंची. मागं चढून जायला वाट हवी, उभी भिंत नको. आणि समोरचं पाणी एकाएकी खूप ओढलं गेलं, तर गरी तिथंच सोडून वर.

९. पायात काय घालावं? जांभा बरा की काळा कातळ?

जांभा खरखरीत असतो, पाय धरतो, पण कडेचा जांभा पोकळ होऊन खालून खाल्लेला असतो. पावसात त्याच्या कपारी सुटतात. कड्याच्या टोकावर उभं राहायचं नाही. काळा कातळ पक्का, पण पावसाळ्यात त्यावर जी हिरवी बुळबुळ चढते तिच्यावर कुठलाच बूट टिकत नाही.

गमबूट घालू नका, पाणी भरलं की दगड होतात. स्लीपर तर नाहीच. घोट्याला पट्टा असलेले रबरी तळव्याचे साधे सँडल किंवा कॅनव्हासचे जुने बूट बरे. अनवाणी गेलात तर कालवं तळवा फाडतात, आणि ती जखम लवकर बरी होत नाही.

१०. लाइफ जॅकेट घालून कातळावर गेलं तर लोक हसतात. खरंच गरज आहे का?

आहे. हसू देत.

त्याबरोबर पंधरा-वीस मीटर दोरी आणि बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन न्या. कॅन दोरीला बांधून ठेवायचा. कुणी पडलं तर तोच तुमचा तरंगता टायर. स्वतःला कातळाशी दोरीनं बांधून घ्यायची कल्पना मात्र सोडा. लाट माणसाला घेऊन गेली की दोरी त्याला परत परत कालवांवर आपटते.

एकटं जाऊ नका. दोघं गेलात तर एकानं गरवायचं, दुसऱ्यानं पाणी बघायचं, आलटून पालटून. दोघांनाही एकदम मासा लागला तर? तसं फारसं होत नाही, काळजी नको.

११. कोणी पाण्यात पडलं तर काय करायचं?

उडी मारायची नाही. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. कॅन फेका, दोरी फेका. पडलेल्याला ओरडून सांगा की कातळाकडे येऊ नको, बाहेर जा. ऐकायला उलटं वाटतं, पण जीव जातो तो कातळावर आपटून. लाट जिथं फुटते त्याच्या पलीकडे पाणी वरखाली होतं, पण मारत नाही. तिथं पाठीवर तरंगत राहिलं तर मदत येईपर्यंत वेळ मिळतो, किंवा पुढे एखाद्या वाळूच्या पुळणीला लागता येतं.

तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, नाहीतर सरळ ११२. फोन करताना जवळचं मंदिर, दीपगृह, जेट्टी असं काही सांगा. गावाचं नुसतं नाव सांगून कातळ सापडत नाही. आणि एकानं पडलेल्यावरची नजर हलवायची नाही. खवळलेल्या पाण्यात माणसाचं डोकं म्हणजे नारळाएवढा ठिपका, एकदा नजर चुकली की परत मिळत नाही.

१२. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, आरे-वारेचा कडा इथं पर्यटक बिनधास्त फिरतात. मग गरवायलाच भीती का?

पर्यटकही फिरू नयेत. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवरून लाटेनं माणसं ओढून नेलेली आहेत. ती वाट ओहोटीचीच आहे. कडा उतरून पुळणीला मिळतो त्या कोपऱ्यात आणखी एक फसवणूक असते. पुळणीवर चढलेलं पाणी कड्याच्या अंगानं परत समुद्रात ओढलं जातं. तिथं लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत दिसतं, आणि लोक पोहायला नेमकी तीच जागा निवडतात. गरी टाकायला ही जागा उत्तम, उतरायला सर्वांत वाईट.

१३. पाणी गढूळ असताना मासा लागतो का?

कसं गढूळ त्यावर आहे. वारं चालू असताना पाणी ताकासारखं होतं, फेसाळ, वाळू मिसळलेलं. तेव्हा घरी बसा. वारं पडून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते बिनदुधाच्या चहासारखं होतं, तेव्हा जा. ढवळून निघालेले किडे-खेकडे खायला मोठा मासा अगदी कडेला येतो. तांबोशी, गोबरा, शिंगाळा हे अशाच पाण्यातले गिऱ्हाईक. वास मारणारं आमिष लावा, तारलीचा तुकडा किंवा माकूल. चमकणारे प्लॅस्टिकचे मासे चहाच्या पाण्यात कुणाला दिसत नाहीत.

खाडीच्या तोंडाशी तिसराच प्रकार असतो. काजळी, शास्त्री, वाशिष्ठी या सह्याद्रीतून धावत येणाऱ्या छोट्या नद्या. घाटावर पाऊस झाला की काही तासांत तांबडं पाणी समुद्रात येतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं खाली राहतं. वरून सगळं मातकट दिसलं तरी तळाला मासा असू शकतो, त्यामुळे गरी तळाला बसली पाहिजे.

१४. दर फेकीला शिसं खडपात अडकतं. काय करू?

शिसं मुख्य दोरीला बांधू नका. बारीक, कमजोर दोरीच्या तुकड्यानं लोंबतं ठेवा. अडकलं की तो तुकडा तुटतो, गरी आणि मासा वाचतो. शिशावर पैसेही घालवू नका. गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणा, कुणी नाही म्हणत नाही. त्याचं वजन बरोबर असतं आणि बांधायलाही सोपा. मात्र तुटलेली दोरी कातळावर टाकून येऊ नका (प्रश्न १८).

१५. छोट्या होडीनं खाडीबाहेर जायचंय. मुखाशी लाटा फुटतात तिथं कधी जावं?

मी तांडेल नाही हे आधीच सांगितलंय. तरी तांडेल लोकांकडून जे सगळीकडे सारखंच ऐकलं ते असं: खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, समोरून लाट आत येत असते. दोघं भिडले की लाट आखूड आणि उभी होते आणि होडी नाकावर जाते. म्हणून बाहेर पडायचं किंवा आत यायचं ते चढत्या पाण्यात, भरती पुरी व्हायच्या आधी. आत येताना ओहोटी लागलेली असेल तर बाहेर नांगर टाकून चार-पाच तास वाट बघणारे तांडेल मी पाहिलेत. समोर घर दिसत असताना थांबणं सोपं नसतं.

कड्याच्या जवळूनही जाऊ नये. जयगड किंवा अंजनवेलसारख्या टोकांवर लाट आपटून उलटी फिरते आणि येणाऱ्या लाटेला भिडते. तिथं पाणी उकळल्यासारखं होतं, लाटेला दिशाच राहत नाही.

१६. चक्रीवादळ तर दूर समुद्रात आहे किंवा गुजरातकडे चाललंय. मग आपल्याला काय?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार वादळ कोकणाच्या जमिनीवर आलंच नाही. तरी सिंधुदुर्गात समुद्र वर चढून वस्तीत शिरला. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि जमिनीवर आलं ते गुजरातेत, पण झोडपून गेलं कोकणाला. लाट वादळाच्या पुढे धावते आणि वादळ गेल्यावरही मागे राहते.

दुसरी गोष्ट, वादळ फक्त पावसाळ्यात येतं असं नाही. अरबी समुद्रात ती मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होतात. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ आदळलं, पण फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, होड्या ऐन हंगामात बाहेर असताना. डिसेंबर २०१७ मध्ये ओखीच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या साठहून जास्त होड्या देवगडच्या आसऱ्याला आल्या होत्या. तेव्हा दिवाळीनंतर आता काय, असं म्हणून अंदाज बघायचं सोडू नका.

१७. विजा चमकत असतील तर? आणि शिंगाळ्याचा काटा लागला तर?

वीज: पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप जवळपास वीज पडतेय का ते दाखवतं. मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी ते उघडं ठेवा. कार्बनचा रॉड विजेला उत्तम वाहक, आणि मोकळ्या कातळावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून गाडीत जाऊन बसा. झाडाखाली नाही.

शिंगाळा: पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन काटे, तिन्ही विषारी. गरी काढताना मासा हातात धरू नका, पकड वापरा. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात तासभर बुडवून ठेवा, पाणी निवेल तसं बदला. भाजेल इतकं गरम नको. उष्णतेनं विषाचा जोर उतरतो. पाकटाच्या नांगीलाही हेच. नंतर डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. काटा आत मोडला असेल तर घरी कोरत बसू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याबरोबर निळे फुगे किनाऱ्याला लागतात, ब्लू बॉटल. वाळूत मेलेला दिसला तरी त्याचे धागे डंख करतात. वाळूनं चोळू नका. समुद्राच्या पाण्यानं धुऊन धागे चिमट्यानं काढा, मग गरम पाणी.

१८. वादळानंतर खडपात कासव अडकलेलं दिसलं. समुद्रात सोडून देऊ का?

नाही. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारी कासवं बहुतेक जाळ्याच्या तुकड्यांत गुरफटलेली, थकलेली किंवा पाय तुटलेली असतात. पाण्यात ढकललं तर बुडतात. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री लांब हाकला आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा. गुंडाळलेला दोरा ओढून काढू नका, मांसात रुतलेला असतो.

१९. सुट्टी काढून इतक्या लांबून आलो आणि समुद्र वाईट निघाला. आता काय करू?

खाडीत शिरा. भाट्याच्या पुलापासून वर, किंवा कुठल्याही खाडीत मुखापासून दोन-तीन किलोमीटर आत, लाट नसते. काळुंदर, बोय, नशीब असेल तर चणाक. हलका रॉड, छोटी गरी, जिवंत कोळंबी. कांदळवनाच्या कडेला चिखलात कमरेपर्यंत रुतायचं नसेल तर कातळी काठ शोधा, आणि घाटावर पाऊस असेल तर पाण्याचा रंग बघत राहा (प्रश्न १३).

तेही जमलं नाही तर कुणाच्या तरी पडवीत बसा. बंदीच्या दिवसांत बाजारात ताजं मिळालं तर खाडीचं मिळतं, नाहीतर सुकं. सुके बांगडे निखाऱ्यावर भाजून, वर कांदा आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब, सोबत उकड्या तांदळाची पेज. गेल्या जुलैत पुण्याचे तिघे आले होते, चार दिवस राहिले, एकदाही गरी ओली झाली नाही. जाताना दोन किलो सुके बांगडे बांधून घेऊन गेले आणि पुढच्या वेळी कधी येऊ विचारलं. ऑक्टोबरात या म्हटलं, आणि यायच्या आधी फोन करा.